क्वेकर मीटिंगला जाऊन बघावं का? 23 वर्षं जाणाऱ्या बाईचं उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई नवऱ्याच्या नोकरीपायी नुकत्याच उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात राहायला आल्या आहेत. घराजवळ एक बैठी दगडी इमारत आहे. वर क्रॉस नाही, घंटा नाही. रविवारी साडेदहाला पंचवीस-तीस माणसं आत जातात, तासभर आतून चकार शब्द येत नाही आणि मग एकदम कपबशांचा आवाज सुरू होतो. पाटीवर लिहिलंय, 'क्वेकर मीटिंग हाउस, सर्वांचं स्वागत'. त्यांचे प्रश्न चार आहेत. हे लोक ख्रिस्ती आहेत का, धर्म बदलायला लावतात का, नुसतं गप्प बसून काय मिळतं, आणि परक्या गावात चार माणसं जोडायला याचा उपयोग होईल का.

मी मूळची सांगलीची. यॉर्कशरमध्ये हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करून निवृत्त झाले. ज्या मीटिंगला जाते (क्वेकरांच्या उपासनेला मीटिंग म्हणतात, आणि ती करणाऱ्या मंडळींनाही) तिथे सहा वर्षं क्लर्क, म्हणजे सभा चालवून निर्णय लिहिणारी, होते, तीन वर्षं एल्डर, म्हणजे उपासनेची काळजी वाहणारी, आणि चहाच्या यादीत तर पहिल्या वर्षापासून आहे. क्लर्क झाल्याचं आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "एवढं शिकून देवळात कारकुनी?" तिचं अगदीच चुकलं नव्हतं, ते पुढे येईल.

आधी गप्प बसण्याबद्दल, कारण बाहेरून तेवढंच दिसतं. दारात कुणीतरी हात मिळवून तुम्हाला आत सोडेल. आत खुर्च्या चौकोनात मांडलेल्या असतात, मधे टेबल, त्यावर फुलं, एक बायबल आणि क्वेकरांचं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक. वेदी नाही, मूर्ती नाही, व्यासपीठ नाही, त्यामुळे पुढची रांग आणि मागची रांग हा प्रकारच नाही. साडेदहा वाजले की 'चला, सुरू करूया' असं कुणी म्हणत नाही. पहिला माणूस आत येऊन बसला की मीटिंग सुरू झाली. म्हणून दहा वीसला एखादी आजी एकटीच बसलेली दिसली तर तिची विचारपूस करायला जाऊ नका, तिची मीटिंग चालू आहे. मी पहिल्या दिवशी गेले होते. तिने हसून माझा हात थोपटला आणि डोळे पुन्हा मिटले.

बसून करायचं काय? मी चहाच्या वेळी एका बाईला विचारलं होतं. ती म्हणाली, "पहिली वीस मिनिटं मी बाजाराची यादी करते. यादी संपली की जे उरतं, त्याच्याबरोबर बसते." इथे कुणी मंत्र देत नाही, श्वासाकडे बघा असंही सांगत नाही. माझी बहीण इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस करून आलेली. ती माझ्याबरोबर एकदा आली आणि बाहेर पडल्यावर वैतागून म्हणाली, "पण तुमचं टेक्निक काय?" टेक्निक नाहीच. विपश्यनेत शेजारी कोण बसलंय याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं, ते ठेवायचंही नसतं. इथे शेजारचा माणूस लागतो. मी घरी एकटी कितीही वेळ बसले तरी रविवारी जे कधीकधी होतं ते घरी झालेलं नाही. होतं असं की पस्तीस-चाळीस मिनिटांनी खोली बदलते. खोकले थांबतात. रेडिएटरची टकटक, बाहेरची बस, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर, सगळं ऐकू येतं आणि कशाचाच अडथळा होत नाही. इंग्रजीत अशा मीटिंगला 'गॅदर्ड' म्हणतात. मी मनातल्या मनात 'दही लागलं' म्हणते. नेमकं केव्हा लागलं ते सांगता येत नाही, आणि लागलंय का बघायला ढवळलं तर मोडतं. बाकीच्या रविवारी दुधाचं दूधच राहतं. हे तुम्हाला तिथे कुणी आपण होऊन सांगणार नाही, म्हणून मी सांगते: पुष्कळ रविवार कंटाळवाणे जातात.

त्या तासात कुणीही उठून बोलू शकतं. कुणीही म्हणजे तुम्हीसुद्धा, अगदी पहिल्या दिवशी. याला मिनिस्ट्री म्हणतात. उभं राहायचं, थोडक्यात बोलायचं, एकदाच बोलायचं. नंतर काही मिनिटं कुणी उठत नाही, बोललेलं मुरू देतात. कुणी कुणाला उत्तर देत नाही, वाद घालत नाही, दादही देत नाही. घरून भाषण ठरवून यायचं नाही, आणि आज तोंड उघडणारच नाही असंही ठरवून यायचं नाही. बोलावं की बसून राहावं याची जुनी खूण म्हणजे छाती धडधडायला लागणं, पाय लटपटणं. क्वेकर या शब्दाचा अर्थच थरथरणारा. 1650 मध्ये डर्बीच्या एका न्यायाधीशाने या पंथाच्या संस्थापकाला, जॉर्ज फॉक्सला, हिणवायला तो वापरला आणि मग तो चिकटला. ही मंडळी स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात. (माझ्या भाचीची बरेच दिवस समजूत होती की मावशी ओट्सच्या कंपनीच्या देवळात जाते. त्या डब्याचा आणि या लोकांचा नावापलीकडे संबंध नाही.)

प्रत्यक्षात सगळ्याच मिनिस्ट्रीला छाती धडधडलेली असते असं नाही. मार्च उजाडला की कुणीतरी हमखास डॅफोडिलच्या फुलांवर बोलतं. त्याला 'डॅफोडिल मिनिस्ट्री' असं थट्टेचं नावच पडलंय. कुणी सकाळी रेडिओवर ऐकलेली बातमी आणून ठेवतं. एकामागोमाग एक उठायला लागले की ती 'पॉपकॉर्न मीटिंग'. हसू येतं, पण त्यातही एखादं वाक्य आठवडाभर सोबत राहतं.

मीही घोळ घातला आहे. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका गृहस्थांनी उठून सरकारी दवाखान्यांबद्दल काहीतरी म्हटलं. मी आठवडाभर त्याच दवाखान्यात खपलेली. पाच मिनिटंसुद्धा न थांबता उठले आणि त्यांचा मुद्दा खोडून काढला, आकड्यांसकट. मीटिंग संपली, सगळे हात मिळवून उठले. मी सिंकपाशी कप विसळत होते. एक एल्डर बाई फडकं घेऊन शेजारी आल्या, चार कप पुसले आणि म्हणाल्या, "तू बोललीस ते खरं होतं. पण ते मीटिंगसाठी होतं, की त्याच्यासाठी?" पुढे एक शब्द नाही, पाचवा कप उचलला. एल्डरांचं काम हेच. मौनाची, बोलण्याची, एकूण उपासनेची काळजी वाहायची, आणि वेळ आली तर असं बाजूला घेऊन सांगायचं. पुढे मी स्वतः एल्डर झाले तेव्हा कळलं की असं एक वाक्य बोलायला आधी किती रात्री जागावं लागतं.

आता धर्माचं. या लोकांची मुळं ख्रिस्तीच आहेत. जॉर्ज फॉक्स 1624 मध्ये लेस्टरशरमध्ये विणकराच्या घरी जन्मला, चांभाराकडे उमेदवारी केली आणि विशीत धर्माची उत्तरं शोधत गावोगाव भटकला. पाद्री, चर्च, संस्कार, मंत्र म्हणणारा मध्यस्थ, कशाचीच गरज नाही, देव प्रत्येकाशी थेट बोलतो आणि प्रत्येक माणसात त्याचा अंश आहे, हे त्याचं म्हणणं. 1652 मध्ये तो लँकेशरमधल्या पेंडल हिलवर चढला आणि तिथे त्याला दृष्टांतात माणसांचा मोठा समुदाय जमताना दिसला. क्वेकर आपली सुरुवात साधारण त्या उन्हाळ्यापासून मोजतात. तुम्ही उत्तरेत आहात, तेव्हा एखाद्या रविवारी दुपारी त्या डोंगरावर चढून या. वारा भयंकर असतो, टोपी बांधून जा.

टोपीवरून आठवलं. जुने क्वेकर न्यायाधीशापुढेही टोपी काढत नसत आणि थोरामोठ्यांनाही एकवचनी संबोधत. इंग्रजीत तेव्हा आपल्यासारखा 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद होता. हे सगळ्यांना सरसकट 'तू' म्हणत, आणि त्यापायी मार खात, तुरुंगात जात. मराठी माणसाला यातली आग समजावून सांगावी लागत नाही. कोर्टात उभं राहून जजसाहेबांना 'तू काय म्हणतोस?' असं विचारून बघा. मला मात्र ते वारीसारखं वाटतं. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, कोण कोणापेक्षा मोठा ते बघत नाहीत. हे कुणालाच वाकत नाहीत. वाट उलटी, मुक्काम एकच. आजही मीटिंगमध्ये मिस्टर, डॉक्टर, प्रोफेसर काही नाही, पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंनाही नावाने हाक मारायची. माझी जीभ वळायला दोन वर्षं लागली. मनात त्या अजूनही काकूच आहेत.

आजच्या ब्रिटनमधल्या क्वेकर मीटिंगमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या चार जणांत एक येशूला मानणारा, एक नुसतं 'प्रकाश' म्हणणारा, एक बौद्ध ध्यानाकडे झुकलेला आणि एक देवच नाही म्हणणारा, असं सहज सापडेल. सर्वांनी मान्य करावी अशी श्रद्धेची वाक्यं लिहून ठेवलेलीच नाहीत. 'सल्ले आणि प्रश्न' म्हणून एक छोटी पुस्तिका आहे, 42 नोंदींची, आणि तिच्यातली बरीचशी वाक्यं खरोखरच प्रश्न आहेत. पण हे ब्रिटनचं झालं. जगात चारेक लाख क्वेकर आहेत आणि सर्वांत जास्त केनियात. तिथे पाद्री असतो, गाणी असतात, प्रवचन असतं. ते आमच्या गप्प बसण्याकडे थोडं नवलाने बघतात आणि आम्ही त्यांच्या गाण्याकडे.

धर्मांतराबद्दल खरं तेच सांगते. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, होशंगाबादला (आता नर्मदापुरम), एकोणिसाव्या शतकात इंग्लिश क्वेकरांचं मिशन सुरू झालं. ते मिशनच होतं आणि तिथे लोक ख्रिस्ती झाले. त्याच मिशनच्या रसुलियातल्या केंद्रातून पुढे शेतीचे प्रयोग निघाले, आणि 1972 मध्ये किशोर भारती संस्थेबरोबर सोळा शाळांत होशंगाबादचा विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम निघाला. शिक्षणक्षेत्रातल्या आपल्या लोकांना तो अजून आठवतो. गांधीजींचा व्हाइसरॉयला लिहिलेला मार्च 1930 चा पत्रखलिता ज्याने पोचवला तो रेजिनाल्ड रेनॉल्ड्स क्वेकर, आणि सेवाग्रामला नई तालीमचं काम करणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकर. म्हणजे वर्ध्याशी यांचं नातं जुनं आहे. मला ते इथे येऊन कळलं, तेही एका यॉर्कशरच्या आजोबांकडून. त्यांनी सेवाग्रामचा उच्चार माझ्यापेक्षा बरा केला नसेल, पण माहिती माझ्यापेक्षा जास्त होती.

आज तुमच्या गावातल्या मीटिंगमध्ये तुमच्या मागे कुणी लागणार नाही. माझी तक्रार उलट आहे. मी पहिल्यांदा गेले त्यानंतर दोन महिने कुणी साधा फोनसुद्धा केला नाही. 'तुला मोकळीक द्यावी म्हणून' असं नंतर कळलं. इंग्लिश संकोच आणि क्वेकर संकोच एकत्र आला की माणूस दारात उभ्या उभ्या सुकतो. तेव्हा तुम्हीच बोला.

नुसतं येणाऱ्याला 'अटेंडर' म्हणतात आणि जन्मभर अटेंडर राहिलं तरी चालतं. मी सात वर्षं होते. सदस्य व्हायचं तर आसपासच्या काही मीटिंगा मिळून जी एरिया मीटिंग असते तिच्या क्लर्कला पत्र लिहायचं. मग दोघं जण भेटायला येतात. माझ्याकडे आले तेव्हा मी पोहे केले होते. दीड तास बोललो. मी सांगून टाकलं की देवघर राहणार, गणपती दर वर्षी बसणार. त्यातल्या एकांनी देवघरापाशी जाऊन विचारलं, "इथे तू बोलतेस की ऐकतेस?" मला उत्तर आलं नाही. त्यांनी तेही त्यांच्या अहवालात लिहिलं. पुढच्या महिन्यात एरिया मीटिंगच्या मिनिटात, म्हणजे लिहून ठेवलेल्या निर्णयात, माझं नाव आलं आणि मी सदस्य झाले. पाणी शिंपडणं नाही, शपथ नाही. शपथ तर हे लोक कोर्टातही घेत नाहीत. शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं का, असा त्यांचा सवाल. मी इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा शपथेऐवजी प्रतिज्ञेचा कागद मागितला होता, तो सगळ्यांना मिळतो.

आता मी ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. गप्प बसणं सहा महिन्यांत जमतं. खरी कसोटी महिन्यातून एकदा लागते, जेव्हा चहानंतर तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून कामकाज करतात. छप्पर, पैसे, हॉल भाड्याने कुणाला द्यायचा, निर्वासितांसाठी काय करायचं, पुढची तीन वर्षं खजिनदार कोण. या सभेलाही उपासनाच म्हणतात. सुरुवातीला मौन, शेवटी मौन, आणि मधे मतदान नाही. गेली साडेतीनशे वर्षं या लोकांनी हात वर करून काही ठरवलेलं नाही.

ठाण्यातल्या आमच्या हाउसिंग सोसायटीत 'सर्वानुमते' याचा अर्थ विरोध करणारे चिडून घरी गेले असा असतो. इथे तसं नाही. बोलायचं असेल तर उभं राहायचं, क्लर्कने नाव घेतलं की बोलायचं, आणि दोन बोलण्यांच्या मधे शांतता. क्लर्क मुद्दे मोजत नाही, मीटिंगचा कल कुठे जातोय ते कान देऊन ऐकतो आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, निर्णयाचा मजकूर लिहितो. त्याला 'मिनिट' म्हणतात. तो लिहीत असताना बाकीचे गप्प बसून त्याला आधार देतात. मग वाचून दाखवायचा, शब्द दुरुस्त करायचे आणि विचारायचं, मान्य आहे का? उत्तर 'हो' असं येत नाही. सगळे पुटपुटतात, 'होप सो', म्हणजे आशा आहे. देवाच्या मनात जे आहे ते आपल्याला बरोबर कळलं असावं, अशी आशा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हे लोक निर्णय टाळतायत.

मी क्लर्क असताना आमचा गॅसचा बॉयलर गेला. इमारत अठराव्या शतकातली, भिंती दोन फूट जाड, खिडक्या गळक्या. नवा बॉयलर बसवला तर दोन आठवड्यांत ऊब. पण 2011 मध्ये कँटरबरीला भरलेल्या वार्षिक मीटिंगमध्ये ब्रिटनच्या क्वेकरांनी कमी कार्बनवर जगणारा समाज व्हायचं मिनिट केलेलं, तेव्हा पुन्हा गॅस कसा लावायचा? हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर आत खेचणारं यंत्र, महाग, आणि जुन्या गळक्या घरात त्याचा उपयोग कितपत, तोही प्रश्न. मी फार्मसीत वीस माणसांचं खातं चालवलेली बाई. घरी बसून तिन्ही पर्यायांचा तक्ता केला आणि खरं सांगायचं तर मिनिटाचा मसुदाही लिहून नेला: हीट पंप, कर्ज, देणग्यांचं आवाहन. नेहमीच्या किरकोळ बाबींचा मसुदा क्लर्क आधी करतोच. ही बाब किरकोळ नव्हती.

चर्चा छान झाली. सात-आठ जण बोलले, सगळे बाजूने. मी कागद उचलून वाचायला लागले. एक निवृत्त बस ड्रायव्हर, वर्षात दोनदा बोलणारा माणूस, उभा राहिला आणि म्हणाला, "मला या मिनिटाशी एकरूप होता येत नाही." कारण विचारलं तर म्हणाला, अजून नीट सांगता येत नाही. बसला. मला राग आला. एक माणूस, कारणही नाही, आणि बाहेर चार अंश तापमान. पण अशा वेळी पुढे रेटायचं नसतं. एकट्याचं म्हणणं बाजूला ठेवून पुढे जाताही येतं, तसा अधिकार मीटिंगला आहे, पण ते क्लर्कच्या वैतागावर ठरत नाही. आम्ही विषय पुढच्या महिन्यावर टाकला. मग आणखी पुढच्या. डिसेंबरात लोक पांघरुणं घेऊन मौनाला बसत होते. माझ्या मांडीवर आईने पाठवलेली सोलापुरी चादर.

तिसऱ्या महिन्यात त्याला शब्द सापडले. आठवड्यातल्या दोन सकाळी आमचा मोठा हॉल लहान बाळांच्या आया भाड्याने घेत. पंप, भिंतींचं काम, कर्ज फेडायला वाढवलेलं भाडं, हे सगळं जमेपर्यंत त्या कुठे जाणार? "आपल्या तत्त्वाची थंडी आपण सोसू, पण ती त्यांच्या पोरांना का?" असं त्याने विचारलं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागे बसलेल्या एका बाईंनी, ज्या तोपर्यंत काहीच बोलल्या नव्हत्या, विचारलं की मागची छोटी वर्गखोली आहे ना, तिला एवढं ऊन येतं, तिथे विजेचे दोन हीटर लावले तर? बाळं तिथे. जानेवारी-फेब्रुवारीत रविवारची मीटिंगही तिथेच, गुडघ्याला गुडघा लावून. मोठा हॉल बंद ठेवायचा आणि खिडक्या-छताचं काम दोन वर्षांत करून मग पंप लावायचा. माझ्या तक्त्यात ही ओळ नव्हती. मी तिथल्या तिथे मिनिट लिहिलं, हात गारठलेला, अक्षर वेडंवाकडं, आणि वाचलं. 'होप सो' आलं. ती मीटिंगची वही अजून कपाटात आहे, ते पान बघून आई म्हणाली असती, यालाच कारकुनी म्हणतात.

मोठे निर्णयही याच रीतीने होतात. समलिंगी जोडप्यांची लग्नं इतरांसारखीच लावायची हे ब्रिटनच्या क्वेकरांनी 2009 मध्ये यॉर्कला असंच, मत न मोजता ठरवलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये तसा कायदा 2013 मध्ये आला. लग्नाचं सांगायचं तर त्यात लावून देणारा कुणी नसतो. दोघं मौनातून उठून एकमेकांना वचन देतात आणि शेवटी हजर असलेले सगळे, लहान मुलंसुद्धा, सर्टिफिकेटवर सह्या करतात. आमच्याकडे एका चार वर्षांच्या मुलीने सहीच्या जागी मांजर काढलं आहे.

माणसं जोडली जातील का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. जातील, पण हळदीकुंकवाच्या वेगाने नाही. पगारी पाद्री नसल्यामुळे सगळी कामं आपसांत वाटलेली असतात: क्लर्क, खजिनदार, एल्डर, आजारी-एकट्या माणसांची विचारपूस करणारे, मुलांचा वर्ग, फुलं, बाग, हीटरच्या चाव्या. नेमणूक बहुधा तीन वर्षांची. पंचवीस माणसं आणि तीसेक कामं, असा हिशेब आहे. तुम्ही तीन महिने टिकलात की कुणीतरी हळूच विचारेल, फुलांच्या यादीत नाव घालू का? हो म्हणा. ओळख चहाच्या टेबलावर होते त्याच्या दुप्पट ती भांडी पुसताना होते. पैशांची थाळी फिरत नाही. वर्षातून एकदा खजिनदाराचं पत्र येतं, जमेल ते द्यायचं, नाही जमलं तर कुणाला कळतही नाही.

2020 च्या मे महिन्यात आई सांगलीत गेली. विमानं बंद. मी इथल्या स्वयंपाकघरात बसून फोनवर सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी विचारपूस करणाऱ्या बाईंचा फोन आला, "तुमच्याकडे तेरा दिवस असतात ना? तेराव्या दिवशी आम्ही तुझ्याबरोबर बसू का?" तेव्हा मीटिंग झूमवर भरायची. तेराव्याला सकाळी सत्तावीस चौकोन उघडले, त्यातले सहा सांगली, पुणे आणि ठाण्याचे. अर्धा तास मौन. मी नातेवाइकांना आधी समजावून सांगितलं होतं, पण मावशीच्या लक्षात राहिलं नसावं. पाच मिनिटं झाली आणि तिचा आवाज आला, "अगं, तुमच्याकडून आवाज येत नाहीये. म्यूट आहात का सगळे?" मी हसले, मग रडले, आणि स्क्रीनवरच्या इंग्लिश चेहऱ्यांवर कळल्यासारखं हसू पसरलं, जरी शब्द एकालाही कळला नव्हता. मावशी नंतर आईबद्दल मराठीत दहा मिनिटं बोलली. कुणी मधे अडवलं नाही, भाषांतरही मागितलं नाही.

उणं सांगितलं नाही तर उत्तर अर्धवट राहील. बहुतेक मीटिंगांत केस पिकलेले, शिकलेले, गोरे, मध्यमवर्गीय लोक जास्त. मुलं कमी, काही ठिकाणी नाहीतच. तुम्ही आणि मी खोलीत उठून दिसतो, आणि समतेवर इतकं बोलणाऱ्या लोकांकडूनही 'तुझं इंग्रजी किती छान आहे' हे मी नवव्या वर्षी ऐकलंय. दुसरं, या लोकांना भांडता येत नाही. राग आला की आवाज आणखी मऊ होतो, आणि एखादी कुरबुर वर्षानुवर्षं गोड चेहऱ्याखाली शिजत राहते. आपल्याकडे दोन घरं कडाकडा भांडतात आणि संध्याकाळी आमटीची वाटी पोचवतात. ती सोय इथे नाही. कधीकधी मला तिची फार आठवण येते.

तेव्हा रविवारी दहा पंचवीसला जा. उशीर झाला तर दारात थांबवून थोड्या वेळाने आत सोडतील, रागावणार नाहीत. मुलं असतील तर आधी फोन करा, म्हणजे त्यांच्यासाठी कुणी थांबतं. ती बहुधा शेवटची दहा-पंधरा मिनिटं मोठ्यांत येऊन बसतात आणि चुळबुळ करतात, ते चालतं. शेवटी दोन एल्डर हात मिळवतील, मग शेजारी बसलेला तुमचा हात धरेल, तेव्हा समजा संपलं. कुंकू, मंगळसूत्र, साडी, जीन्स, जे रोज घालता ते घाला. चहा मात्र उकळलेला मिळणार नाही, पिशवी बुडवलेला असेल आणि दूध गार. माझ्या पाळीला मी आलं किसून पातेल्यात चढवते. आता त्या रविवारी एरवी न थांबणारेही थांबतात.